वरचा हात राहिला

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे. भिवपुरीजवळच्या एका घरात राहते. भातशेतीवाल्यांच्या ओटीवर गिटार कशाला, असं तुम्हाला वाटेल. पहिल्या दिवशी मलाही वाटलं होतं.

पॉवर हाऊसमधले एक गोवेकर साहेब बदलून गेले, तेव्हा त्यांनी मला तिथं कामाला असलेल्या हिरामणला दिलं. साल एकोणीसशे सहासष्ट. सुट्टीला तो धाकट्या बहिणीला, भागूला, शिकवायला बसे. त्यांची आई येसूबाई समोर तांदूळ पाखडत असे.

"तारांवर दोन हात खाली, एक वर. मनगट सैल सोड गं, पाखडतीस तसं," तो सांगायचा. खालचे दोन हात भागूला झकास जमले. वर येताना मात्र बोटं तारांत अडकायची.

"ऱ्हाऊ दे. वरचा हात उद्या," एका संध्याकाळी तो म्हणाला. सकाळी बांधावर त्याला फुरसं चावलं. दुपारपर्यंत तो गेला.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, असं घरी आलेली माणसं सांगत होती. मग तिथंच येसूबाईनं हात जोडले म्हणे, "तुज्या गिटारीला कुनाला हात लावू देनार नाय रं." आणि कावळा शिवला. झालं, मी खुंटीवर गेले.

घरामागच्या रुळांवरून मालगाडी गेली की हादऱ्यानं माझ्या तारा आपोआप गुणगुणत. येसूबाई काम टाकून खुंटीखाली येऊन बसे. "आला गं," म्हणे. मला अगदी चोरट्यासारखं होई. पण खोटं कशाला बोलू? एकदोनदा गाडी नसतानाही मी वाजले. त्याचं मला अजून भय वाटतं.

भागू मला शिवायची नाही. कामातून उठली की मांडीवर दोन हात खाली मारायची आणि थांबायची. सात वर्षं.

एक दिवस येसूबाई ते बघत राहिली. मग उठून तिनं मला काढलं आणि लेकीच्या मांडीवर ठेवलं. "गाडीनं वाजतंय, मला काय कळत नाय? त्याचं ऱ्हायलेलं पुरं कर."

खाली, खाली. भागू अडली.

येसूबाईनं रिकामं सूप झटकलं. "मनगट सैल सोड गं. पाखडतीस तसं."

वरचा हात आला, आणि माझी गंजलेली बारीक तार तुटली. भागू रडायला लागली.

"कावळ्याला मीच चुकीचं सांगितलं व्हतं," येसूबाई म्हणाली.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू जपायची तर ती कुणाच्या तरी हातात द्या. आणि शिकवायचं ते उद्यावर टाकू नका. मी आता पाच तारांवर वाजते. गाडी गेली तर कुणी उठत नाही. गाडी नसताना गुणगुणले, तर मायलेकी एकमेकींकडे बघतात.