हूडाक बहिणींचे मागचे ब्रेक

डॉलोरिस हूडाकने सकाळी ब्रेकवर पाय ठेवला होता आणि आता तो उचलायची सोय राहिली नव्हती.

गाडी पप्पांची. पासष्टची शेव्हेल, गर्द हिरवी, चर्च हिलच्या उतारावर तोंड खाली करून उभी. जुलैतल्या पहिल्या रविवारी गावातल्या जुन्या गाड्या या टेकडीवर अशाच रांगेने लागतात. गिअर न्यूट्रलमध्ये, चाकाखाली ठोकळा नाही की दगड नाही. नुसत्या पार्किंग ब्रेकवर दुपारच्या घंटेपर्यंत उभी राहील तीच खरी गाडी, असा इथल्या पोलाद कारखान्यातल्या म्हाताऱ्यांचा जुना हट्ट. उताराच्या तळाशी गवताचे भारे रचून ठेवतात, ते काही शोभेसाठी नाही.

या टेकडीवर पप्पांची शेव्हेल कधी तसूभर हलली नव्हती. ते गेले, आणि जाताना गाडी दोघी मुलींच्या नावावर करून गेले, म्हणजे भांडणाची कायमची व्यवस्था लावून गेले. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक पप्पांनीच बसवलेले, त्याबद्दल वाद नव्हता. वाद मागच्या चाकांचा, तिथे अजून जुने ड्रम ब्रेक होते.

"मागेही डिस्क बसवू," थोरली डॉलोरिस म्हणायची. "पाण्यात भिजले तरी धरतात, तापले तरी लगेच निवतात. तुझ्या त्या ड्रमच्या स्प्रिंगा बसवताना माझी नखं तुटतात."

"गाडी थांबवायचं खरं काम पुढची चाकं करतात. मागची नुसती मान डोलावतात," धाकटी रॉक्सॅन म्हणायची. "आणि उभ्या गाडीला ड्रमसारखं धरणार कोण? तुला ते लाल कॅलिपर मिरवायचेत, दुसरं काही नाही!"

हे खरं होतं, म्हणून डॉलोरिसला फार झोंबलं. डिस्कला चिमट्यासारखे धरणारे, नव्या चाकांच्या आऱ्यांतून डोकावणारे ते लालभडक कॅलिपर तिने एकदा एका गाडीला पाहिले आणि ती हरखूनच गेली होती. बरं, कॅलिपर मावायला चाकं मोठी हवीत, म्हणून पप्पांची जुनी चाकंही निघाली. शेवटी पैज ठरली. डिस्क बसवायचे, पण रविवारी टेकडीवर गाडी हलली, तर ड्रम परत, आणि गाडी कायमची रॉक्सॅनच्या गॅरेजात. नाही हलली, तर डॉलोरिसकडे.

गाडी सध्या डॉलोरिसकडेच होती. रोज सकाळी ती कॉफीचा मग घेऊन आपल्या गॅरेजात जायची आणि त्या गाडीत बसून कॉफी प्यायची. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सीटला अजून पप्पांच्या तंबाखूचा वास येई. गाडी गेली तर तिची सकाळच जाणार होती.

डिस्कचं किट तिने स्वतः बसवलं. सोबतच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं, की पार्किंग ब्रेकची तार जोडण्याआधी कॅलिपरची दांडी पुन्हा पुन्हा हलवून पॅड डिस्कला नीट भिडवून घ्या. पण हूडाकांच्या घरात असला कागद वाचणं म्हणजे हार मानणं. पप्पा अशा कागदांना हात पुसायचे. डॉलोरिसनेही पुसले. सपाट गॅरेजात गाडी अगदी शहाण्यासारखी उभी राहिली. टेकडीवर तिने पाय काढायचा अवकाश, वीतभर पुढे सरकली! तिने दचकून पाय दाबला, आजूबाजूला पाहिलं. कुणाचंही लक्ष नव्हतं. तेव्हापासून बाईसाहेब गाडीत आणि पाय ब्रेकवर.

"डॉली, उतर की खाली! बटाटा भरलेल्या पिरोगी गार होतायत," कुणी ना कुणी खिडकीशी येऊन म्हणे.

"पाय मुरगळलाय." पुढच्या माणसाला तिने पाठ धरल्याचं सांगितलं, त्याच्या पुढच्याला ऊन लागल्याचं. गुडघा थरथरायला लागला होता. सकाळची कॉफीही आता तिला भारी पडत होती, आणि चर्चच्या हॉलमधलं बाथरूम समोर दिसत होतं.

भरीस भर म्हणजे आरशात रॉक्सॅन दिसत होती. गाडीच्या मागे खुर्ची टाकून बसलेली. डिकीवर चौकटीचा टेबलक्लॉथ पसरलेला, त्याचं टोक मागे खाली सोडलेलं, आणि वर पिरोगीचं ताट!

"पप्पांच्या रंगावर ताट ठेवते!" डॉलोरिस दातओठ खात पुटपुटली. "जिंकायच्या आधीच मालकीणबाई झाल्या."

एवढ्यात क्लबचा अध्यक्ष चेस्टर वांको काठी टेकत तपासणीला आला. खिडकीतून हात घालून त्याने गिअर हलवून पाहिला.

"न्यूट्रल. ठीक. पण पोरी, तू आत का बसलीस?"

"पप्पांची आठवण येते," डॉलोरिस म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदाच खरं बोलली होती, आणि तिचे डोळे भरून आले. चेस्टर गडबडला. "बरं बरं," म्हणत तो मागच्या बाजूला वळला.

"चेस्टरकाका!" रॉक्सॅन एकदम उठली. "आधी ताट धरा. इथे उन्हात कशाला, तिकडे सावलीत बसून खा. आंबट साय संपत आलीय हं!"

चेस्टर ताट घेऊन सावलीकडे गेला. रॉक्सॅन गाडीच्या कडेला वाकली, कमरेवर हात देत उठली आणि शेजारच्या सीटवर येऊन बसली.

"पाय काढ आता."

"कुठला पाय?"

"अगं बये, सकाळपासून तुझे ब्रेकचे दिवे ढणाढणा पेटलेत! सगळ्या टेकडीला दिसले असते. तो टेबलक्लॉथ मी काय हौसेने टाकलाय?"

दिव्यांचं डॉलोरिसच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मग बोलली का नाहीस? जिंकली असतीस की!"

"काढ पाय. मागच्या चाकापुढे, आतल्या बाजूला ठोकळा लावलाय."

"ठोकळा? हूडाकांच्या गाडीला?"

"पप्पांचाच आहे. टायरसारखा काळा रंगवलेला. एका वर्षी आदल्या संध्याकाळी सराव करताना गाडी सुटली आणि फादरच्या गुलाबांत घुसली. तेव्हापासून दरवर्षी ठोकळा. माझ्या पर्समध्ये असायचा. तुला सांगितलं असतं तर तू गावभर केलं असतंस."

"म्हणजे तेव्हा ड्रम असूनसुद्धा..."

"ड्रम असूनसुद्धा," रॉक्सॅन म्हणाली. हे कबूल करताना तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

डॉलोरिस हसायला लागली. हसता हसता पाय उचलला गेला. गाडी जागची हलली नाही. मग मात्र हूडाकांची थोरली लेक चपला हातात घेऊन हॉलकडे अशी धावली, की पाय मुरगळल्याचं ऐकलेला माणूस बघतच राहिला.

ती परतली तेव्हा घंटा वाजत होती आणि चेस्टर शेव्हेलच्या आरशाला मानाची फीत बांधत होता. तो पुढे गेल्यावर डॉलोरिसने किल्ली काढली आणि बहिणीच्या तळहातावर ठेवली.

"सकाळी हलली होती. वीतभर. घेऊन जा तू."

रॉक्सॅनने किल्लीकडे पाहिलं, मग त्या लाल कॅलिपरांकडे.

"माझ्या गॅरेजसमोर केवढा उतार आहे. तुझ्या ब्रेकांच्या भरवशावर? नको गं बाई," म्हणत तिने किल्ली परत दिली. "राहू दे तुझ्याकडेच. फक्त उद्यापासून कॉफी दोन मग कर. आणि तो कागद कचऱ्यातून शोधून ठेव, गाडीत बसून वाचू."