दिवसाला दोन जीबी

तिसऱ्या दिवशी सकाळी दहा चाळीसला लॅपटॉपवरचा हिरवा ठिपका राखाडी झाला.

ठिपका हिरवा म्हणजे मी कामावर हजर. राखाडी म्हणजे गैरहजर. सलग अर्धा तास राखाडी राहिला की चाचणी बाद. नीलांबरी मॅडमनी पहिल्याच दिवशी फोनवर हे सांगितलं होतं. त्या नगरच्या ऑफिसात बसतात. आवाज गोड, बोलणं मोजकं. काम साधं होतं. जुन्या हातानं लिहिलेल्या दस्तांचे फोटो पडद्यावर यायचे, ते वाचून मराठीत टाइप करायचे. तीन दिवस चाचणी, नऊ ते पाच. पास झाले तर घरी बसून पगार. नापास झाले तर दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ट्रक.

ट्रक ऊसतोडीचा. पाथर्डीच्या आमच्या बाजूला दिवाळी झाली की अर्धं गाव ट्रकमध्ये चढतं आणि मार्च संपता संपता उतरतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी गेला तर अर्धा कोयता. सात वर्षं मी भीमाच्या कोयत्यातला अर्धा भाग आहे. मुक्त विद्यापीठाची बीए मी फडात मोळ्या बांधता बांधता केली. हे ऐकून लोक वा म्हणतात. वा म्हणायला त्यांचं काही जात नाही.

सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून पोरीला ठेवायला घरी कुणी नाही. आम्ही गेलो की तीही येते. संस्कृती आता दुसरीत आहे. पहिलीतले पाच महिने तिनं फडाजवळच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत काढले, लहान पोरं सांभाळत. मी घरी राहिले तर ती शाळेत राहणार. एवढंच होतं ते सगळं. नोकरीबिकरी नंतर.

आमचा मुकादम कारभारी, भीमाचा चुलत मामा. त्यानं आधीच सांगून टाकलं होतं, "सूनबाई, काय ते पाचच्या आत सांगायचं. लागली नोकरी तर भीमाला अर्ध्या कोयत्यात घालतो, दुसरी जोडी बघतो. पाचच्या नंतर मला काय बी सांगू नको."

तर दहा चाळीसला ठिपका राखाडी झाला.

भीमा अंगणात बसून कानसीनं कोयत्याला धार लावत होता. त्याचा फोन खिडकीत ठेवलेला, तिथं रेंज चांगली येते. त्याच फोनचं हॉटस्पॉट लॅपटॉपला. घरात फोन एकच.

"अहो, नेट गेलं."

भीमा उठून आला, हात चड्डीला पुसून त्यानं फोन उचलला. त्यावर लगेच बैलांच्या शर्यतीचा व्हिडिओ सुरू झाला.

"कुठं गेलं? पळतंय की."

"फोनवर पळतंय. लॅपटॉपवर नाही."

"मग लॅपटॉपलाच काय तरी झालं आसंल. जुनाच हाय त्यो, तुझ्यावानी."

मी फोन घेतला. वर इंग्रजीत मेसेज होता. सावकाश वाचला. माझ्या प्लॅनमधली हॉटस्पॉटची मर्यादा संपली आहे. दुसरं यंत्र जोडायचं असेल तर नव्व्याण्णव रुपयांचा वेगळा पॅक घ्यावा. फोनवरचं इंटरनेट पूर्वीसारखंच चालू राहील.

"म्हंजी?" भीमा म्हणाला.

"म्हणजे नेट फोनमध्ये वापरलं तर आपलं. लॅपटॉपला दिलं तर त्यांचं."

"आपन दिवसाला दोन जीबी घेतलीया न्हवं?"

"घेतली आहे. आजची अजून पावणेदोन शिल्लक आहे."

"मग?"

मग काही नाही. माझं टायपिंग तीन दिवसांत त्या बैलांच्या एका शर्यतीएवढंसुद्धा झालं नसेल. अक्षरं हलकी असतात. बैल जड. कंपनीला बैल चालतात.

"मरू दे," भीमा म्हणाला. "भर नव्व्यान्नव."

मी ॲप उघडलं. पॅक निवडला. पैसे भरायच्या आधी पडद्यावर आलं, की हा बदल सिमच्या मालकानंच मंजूर करायचा, त्याच्या दुसऱ्या नंबरवर ओटीपी पाठवला आहे. खाली मालकाचं नाव होतं. कारभारी.

आमच्या वस्तीत कुणालाच हे नवीन नाही आणि कुणालाच हे आठवत नाही. तीन वर्षांपूर्वी मामानं टोळीतल्या प्रत्येक कोयत्यामागे एक सिम वाटलं. सगळी आपल्या आणि आपल्या पोरांच्या कागदांवर घेतलेली. फडातून कोण पळालं, कोण कुठं आहे, ते त्याला कळायला हवं म्हणून. रिचार्ज आम्ही मारतो. नंबर आमच्या नातेवाइकांकडे, बँकेत, रेशनला. आम्हाला वाटतं सिम आमचं. रिचार्ज कुणीही मारला तरी कंपनी घेते, तेव्हा मालक कोण ते विचारत नाही.

दहा एक्कावन्नला मी मामाला फोन लावला. तो तालुक्याला ट्रकच्या अड्ड्यावर होता. मागे डिझेल इंजिनाचा आवाज.

"मामा, तुमच्या फोनवर आत्ता एक नंबर आला असेल सहा आकडी. तेवढा सांगा."

"कशाचा?"

"ओटीपी आहे. माझं काम अडलंय."

तो हसला. "सूनबाई, मागल्या साली फडात भानूचं खातं रिकामं झालं, तवा समद्या टोळीला गोल बसवून कुनी शिकवलं? ओटीपी बापाला बी सांगायचा न्हाई. कुनी शिकवलं?"

"मी शिकवलं. पण हे वेगळं आहे."

"भानूला बी त्यो चोर आसंच म्हनला हुता, ह्ये येगळं हाय. आन तूच कशावरनं? हल्ली आवाज बी चोरत्यात म्हनं."

"मामा, मी ज्ञानेश्वरी आहे. भीमाची बायको. तुमच्याच टोळीतला कोयता."

"मग समूर ये. तोंड दाव, नंबर घे."

अड्डा सोळा किलोमीटर लांब. ओटीपी दहा मिनिटं चालतो. मी म्हणाले, "मामा, अकरा दहाला माझी चाचणी बाद होईल."

मागे इंजिन बंद झालं. मग तो म्हणाला, "बघ बाई. मला काय त्यातलं कळत न्हाई." आणि फोन ठेवला.

मी भीमाला म्हणाले, आता मॅडमला सांगते. पण त्यानं फोन माझ्या हातातून घेतला होता. त्यानं कंपनीचा नंबर फिरवला होता.

"थांब," तो म्हणाला. "ह्यांला इचारतोच."

नऊ पर्याय ऐकल्यावर एक मुलगी आली. भीमानं स्पीकर लावला.

"नमस्कार सर, मी आपली काय मदत करू शकते?"

"मॅडम, आमच्याकडं टँकर येतो. टाकीभर पानी मी पैशे मोजून घेतलं. त्यातलं मी प्यालो तर टँकरवाला गप. बायकोनं त्यातनंच हंडा भरला तर म्हनतो हंड्याचे येगळे द्या. आसा टँकरवाला तुमी कुठं बघितलाय का?"

"सर, मी आपली अडचण समजू शकते."

"न्हाई, बघितलाय का त्ये सांगा."

"सर, लॅपटॉपवर डेटाचा वापर जास्त होतो. नेटवर्कवर ताण येऊ नये म्हणून..."

"ताण कशाचा? दोन जीबी मोजून दिलीया तुमी. संपली की बंद करा. मी तिसरी मागतोय का? दोनच मागतोय. ती कशात वतायची ह्ये मी ठरवीन का तुमी?"

"सर, प्लॅनच्या अटींमध्ये तसं नमूद केलेलं आहे."

"कुठल्या भाषेत?"

"इंग्रजीत, सर. वेबसाइटवर."

"आन रिचार्ज मारा म्हनून दिवसातनं चार फोन करता, त्ये मराठीत. घ्यायची भाषा येगळी, बांधायची येगळी. व्हय?"

मी दारात उभी होते. त्याला खुणेनं सांगितलं, बास, फोन द्या. त्यानं हात वर केला. त्याच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. सात वर्षांत मुकादमासमोर, कारखान्यासमोर, वजनकाट्यासमोर त्याचा असा आवाज कधी निघाला नव्हता. तिथं समोर माणूस असतो आणि त्याच्याकडे पुढच्या वर्षीचं काम असतं. इथं एक मुलगी होती, तिला उत्तर छापून दिलेलं होतं.

तो बरोबर होता. शब्द न् शब्द बरोबर होता. नवरा-बायको दोघं बारा बारा तास राबतो, मुकादमाच्या वहीत आम्ही एक. एकच नेट फोनातून लॅपटॉपात गेलं, तर कंपनीच्या वहीत ती दोन. दोन्हीकडे मोजणारा आपल्या सोयीनं मोजतो. हे सगळं मला तेव्हाच कळलं आणि त्यानं काही झालं नाही. बरोबर असण्यात बारा मिनिटं गेली.

मी वाट बघायची सोडली आणि शेजारी राहीबाईकडे पळाले.

"फोन? त्यो किराणावाल्याकडं चार्जिंगला हाय," ती शेंगा फोडत म्हणाली. "आमचं मीटर जळालंय, ठावं न्हाई व्हय तुला? लॅपटॉपवाली झाल्यापास्नं शेजारचं काय दिसतच न्हाई."

दुकान वस्तीच्या त्या टोकाला. पळत गेले. फोन आणला, हॉटस्पॉट लावलं, लॅपटॉप जोडला. लगेच जोडला गेला. राहीबाईनं हॉटस्पॉट कधी वापरलंच नव्हतं, तिची मर्यादा पूर्ण शिल्लक होती.

अकरा सतरा.

पडद्यावर हिरवंही नव्हतं, राखाडीही नव्हतं. लिहिलं होतं, आपले सत्र समाप्त झाले आहे. अर्धवट टाइप केलेला दस्तही गेला. कुणाच्या तरी विहिरीतल्या चौथ्या हिश्श्याचा होता.

राहीबाईच्याच फोनवरून मी नीलांबरी मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये बोलल्या नाहीत, हे खरं.

"ज्ञानेश्वरी, तुमची गती चांगली होती. चुका तर सगळ्यांत कमी. पण बाद झालेलं माझ्याकडून परत उघडत नाही. इंटरनेटची सोय उमेदवारानं स्वतः करायची, हे आपण पहिल्या दिवशी बोललो होतो."

"मी केली होती, मॅडम."

"हो. पण अखंड हवी."

"पुन्हा कधी?"

"पुढची बॅच फेब्रुवारीत. अर्ज नक्की करा."

फेब्रुवारीत मी कुठं असते ते मी त्यांना सांगितलं नाही. हो म्हणाले.

राहीबाईचा फोन परत देऊन आले तेव्हा भीमाचं बोलणं संपलं होतं. यंत्र त्याला विचारत होतं, आमच्या सेवेला एक ते पाचमध्ये किती गुण द्याल. त्यानं शून्य दाबलं. यंत्र म्हणालं, हा पर्याय चुकीचा आहे. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं. तो म्हणाला, "मी लई येळ घेतला का?"

मी म्हणाले, "नाही."

भाकरी टाकल्या. खाल्ल्या. भीमानं कोयत्याला हात लावला नाही, मग मीच उरलेली धार लावली. रडू आलं नाही. मी थोडी वाटही बघितली त्याची. हाताला चिमटा काढावा तसं मनात म्हणून बघितलं, पोरीची शाळा गेली. तरी काही नाही.

चार वाजता मामा मोटारसायकलवर आला. पाणी प्याला. मी विचारायच्या आत त्यानं फोन काढून मेसेज उघडला आणि माझ्यापुढे धरला. सहा आकडे होते.

"आला हुता," तो म्हणाला. "लपवत न्हाई मी."

"मामा, खरं सांगा. घाबरून दिला नाही, की मुद्दाम?"

त्यानं टोपी काढली, परत घातली. "आदी घाबरलोच. आईची आन. मग तू येळ सांगितलीस आन मला वाटलं, हिची चाचनी बुडाली तर आपला कोयता शाबूत ऱ्हातो. दोन जोड्या आदीच फुटल्यात यंदा. कारखाना माझी मान धरतो, तुमची न्हाई."

भीमा उठला. मला वाटलं आता काही बोलेल. सकाळी बोलला होता तसं. त्यानं मामासाठी खाट ओढली आणि चहा टाक म्हणाला.

"तुझ्या नावावर करून देतो सिम," मामा म्हणाला. "मार्चला आल्यावर. तेवढं मी करीन."

"पूर्ण कोयता लिहा," मी म्हणाले.

त्यानं वही काढली नाही. तो म्हणाला, लिहिलेलाच आहे.

शाळा सुटायच्या आत जायला हवं होतं. कानिफनाथ सर दुसरीच्या वर्गात फळा पुसत होते. मला बघून त्यांनी खडू ठेवला.

"कधी निघताय?"

"उद्या आठला."

त्यांनी टेबलाच्या खणातून पिवळी कार्डं काढली. स्थलांतर करणाऱ्या पोरांना देतात ती, म्हणजे तिकडच्या कुठल्या शाळेनं दारातून परत पाठवू नये. तिकडच्या शाळा फडापासून किती लांब असतात ते कार्डावर लिहायला जागा नाही. संस्कृतीचं कार्ड आधीच भरलेलं होतं. नाव, इयत्ता, आईचं नाव, सगळं. शाई वाळून फिकी झालेली.

"हे कधी भरलं, सर?"

"जूनमध्ये. ऐनवेळी गर्दी होते." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "राग मानू नका. दरवर्षी वाटतं, यातली दोन-तीन तरी फाडावी लागतील."

त्यांनी पेन घेऊन तारीख टाकली, सही केली, कार्ड माझ्याकडे दिलं.

संस्कृती दप्तर घेऊन बाजूला उभी होती. तिनं सरांना विचारलं, तिच्या जागेवर आता कोण बसणार. सर म्हणाले, कुणी नाही, त्या बाकावरच्या तिघीही उद्याच चालल्यात. ती हो म्हणाली आणि चप्पल घालायला बाहेर गेली.