पेल्यातले पिवळे

मी एक जुनी कोरफड आहे. मित्रांनो, यापुढे मी स्वतःला 'बिचारी' म्हणावे, अशी रीत आहे. ते मी म्हणणार नाही. अकरा वर्षे एका बेकरीच्या मागच्या खिडकीत, तेलाच्या चेपलेल्या डब्यात उभी आहे. माझ्या मुळांना कुणी काही विचारले नाही. तरी वाढले.

थांबा. सूनबाई सुरी घेऊन आली आहे.

(एक पान कापले.)

झाले. आता पुढे.

ही बेकरी सूनबाई चालवते. तिचे सासरे, म्हणजे आबा, पूर्वी चालवायचे. आता ते पुढे बसून गिऱ्हाइकांना पाव देतात आणि सुनेच्या कामात खुसपटे काढतात. तापलेला ट्रे मनगटाला लागला की सूनबाई आधी हात नळाखाली धरते, चांगली वीस मिनिटे. मग माझे पान कापून पेल्यात उभे करते, कापलेली बाजू खाली. सालीआडचे पिवळे, कडू पाणी ठिबकून जाते. मग ती पान धुते, साल काढते आणि आतला काचेसारखा गर मनगटाला लावते. आग शमते.

एवढे माझे काम. ते मी चोख करते. फोड आलेली, खोल भाजलेली कातडी माझ्याकडे आणू नका, तिला डॉक्टर लागतो. मला माझी पायरी कळते. माणसांना कळत नाही.

पेल्यातले पिवळे सूनबाई मोरीत ओतायची. का ओतायचे, ते तिला तिच्या आईने सांगितले होते. तिने मात्र कुणालाच सांगितले नाही. गप्प ओतायची.

आणि या घरात तर काही फेकत नाहीत! शिळ्या पावाचे टोस्ट होतात, मोडक्या टोस्टचा चुरा होतो, चुऱ्याच्याही पुड्या बांधल्या जातात. अशा घरात आबांनी एक दिवस तो पेला मोरीकडे जाताना पाहिला.

दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःच पान कापू लागले. गर गुडघ्यांना चोळला. पिवळे प्यायले.

"अख्खा अर्क ओतून देते हो ती," ते शेजारच्या शिंप्याला म्हणाले. "हात सढळ आहे सूनबाईचा, पण फक्त मोरीपुरता."

"कडू असेल ना पण?"

"कडू आहे म्हणूनच औषध. गोड कधी लागू पडलंय का?"

तिसऱ्या दिवशी पोटात मुरडा आणि जुलाब. आबा समजले, पोट साफ होतेय. सुनेपासून लपवले. चौथ्या दिवशी ते मैद्याच्या पोत्यांजवळ कोसळले.

समोरच्या दवाखान्यातली, आबांना हृदयाची गोळी देणारी डॉक्टरीण धावत आली. "नाडी अडखळतेय. काय घेतलंय यांनी?"

शिंप्याने खिडकीकडे बोट दाखवले. माझ्याकडे. "हिचं पिवळं पाणी प्यायलेत. कालपासून जुलाब होताहेत."

"हृदयाची गोळी चालू असताना?" ती ओरडली. "जुलाबात क्षार निघून गेले, वर ती गोळी. हृदय ताळ्यावर राहील कसं? गाडी बोलवा!"

आबांना नेले. सूनबाईने माझा डबा उचलला आणि कचऱ्याच्या पिंपाशेजारी आदळला.

"विषारी मेली!"

विषारी? बाई, अकरा वर्षे तुझी मनगटे कुणी निववली? हो, ते पिवळे माझेच आहे. जनावरांनी मला ओरबाडू नये म्हणून मी ते सालीआड बाळगते. ते मी कुणासाठी गाळून ठेवले नव्हते. माफी मागणार नाही. मागितलीही नाही. सहा दिवस पाण्यावाचून पिंपाशेजारी उभी राहिले आणि एक नवा कोंब काढून दाखवला.

सातव्या दिवशी आबा घरी आले. वाळलेले, पण चालत. आधी डबा पाहिला.

"हिला आत घे. हिने थोडंच सांगितलं होतं, पी म्हणून?"

"मी तरी कुठं सांगितलं होतं, पिऊ नका म्हणून?" सूनबाई म्हणाली. ती डबा उचलायला वाकली.

"विचारायला माझ्याही तोंडाला कुलूप नव्हतं, पोरी."

मी परत खिडकीत आले.

आणि आजचे पान? ते पेल्यात उभे आहे. ठिबकणे थांबले आहे. आबा उठलेत. इकडेच येताहेत. पान काढून ठेवले. पेला उचलला. नाकाशी नेला. माझे सगळे काटे ताठ झाले आहेत.

त्यांनी पेला मोरीत पालथा केला.

"ऐका रे!" ते पुढच्या गिऱ्हाइकांकडे वळून गरजले. "हे पिवळं पोटात घ्यायचं नाही! पोटुशी बाई असो, लहान मूल असो, कुणीच नाही! हृदयाच्या, साखरेच्या गोळ्या असतील तर झाडपाल्याचं काहीही आधी डॉक्टरला विचारायचं! मी मरता मरता वाचलोय!"

"आबा, या आठवड्यात तिसऱ्यांदा सांगताय," शिंपी म्हणाला.

"चौथ्यांदाही सांगेन. तू पाव घे."

मित्रांनो, शेवटी मी हात जोडीन म्हणून थांबला असाल, तर मला हात नाहीत, काटे आहेत. पाणी घालायला विसरलात तरी चालेल, मी तग धरते. पण पेला ओताल तेव्हा असा ओता. गाजावाजा करून.