दोघींचं दळण

"आज बी नाय बसत?" बाईजानं विचारलं.

ती जात्याजवळ पाय पसरून बसली होती, तांदळाची टोपली मांडीशी होती, आणि तिची मोठी जाऊ रखमी पडवीच्या उंबऱ्यात उभी राहून उगाचच पदर सारखा करत होती. कंबर धरलीय, असं रखमीनं सांगितलं. काल तिला कणकण होती आणि परवा प्रार्थनामंदिराचं अंगण झाडायचं राहिलं होतं. बाईजा काही दुधखुळी नव्हती. पण मोठ्या जावेला तोंडावर खोटारडी म्हणायचं कसं, म्हणून ती टोपली उचलून आत गेली.

मुरबाडहून शहापूरला जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या वाडीत ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांत सगळ्यात जास्त हशा या दोघींच्या घरातून ऐकू येई. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. दोघंही लवकर गेले. लग्न होऊन आल्यापासून दोघी रोज पहाटे एका खुंट्याला हात घालून दळत आल्या होत्या. जातं चांगलं थोराड, एकटीनं ओढायचं म्हणजे बैलाचं काम. त्यात आंब्यावरून पडल्यापासून बाईजाचा उजवा खांदा अधू झालेला. ती डाव्या हातानं जमेल तेवढं ओढी, पण ओव्या मात्र दोघींच्या वाट्याच्या गाई. त्या ओव्यांत येशू असे, सीता असे, आणि मेलेल्या सासूची उणीदुणीही असत.

बिघडलं ते शांतवन उपदेशक आल्यापासून. साल बेचाळीसचं. रंगून जपान्यांच्या हाती पडल्याची बातमी आसनगाव स्टेशनातून बाजारात आणि बाजारातून वाडीत आली, तसा जो तो आभाळाकडे बघत बोलू लागला. त्याच सुमाराला हे उपदेशक मुंबईहून एक लांबलचक कापडी पट घेऊन आले. जगाच्या आरंभापासून शेवटापर्यंतची सगळी युगं त्यावर गोलगोल काढलेली. एकेका गोलावर छडी टेकवत त्यांनी सांगितलं, की प्रभू आधी गुपचूप येईल, जी आपली माणसं जागी असतील त्यांना वर उचलून नेईल, आणि मागे राहतील त्यांचे कुत्रे हाल खाणार नाहीत. शेतात दोघे असतील, एक जाईल, एक राहील. जात्यावर दोघी दळत असतील, एक जाईल, एक राहील. आपण यातल्या कुठल्या गोलात, असं बाईजानं शेजारणीला हळूच विचारलं, आणि उत्तर यायच्या आत तिला डुलकी लागली.

वाडीच्या शाळेचे धाऊ मास्तर रविवारची उपासनाही चालवत. त्यांना हे बिलकूल पटलं नाही. प्रभू येईल तो एकदाच, दिवसाढवळ्या, तुतारी वाजवत, सगळ्या जगाला दिसेल असा, असं त्यांचं म्हणणं. पहाटे गुपचूप माणसं भरून न्यायला तो काय मजुरांचा मुकादम आहे का, असं त्यांनी विचारलं. उपदेशक म्हणाले, शास्त्रात आहे. मास्तर म्हणाले, शास्त्र माझ्याकडेही आहे. दोघं मास्तरांच्या ओट्यावर दिवस मावळेपर्यंत भांडले आणि मग बाईजानं पाठवलेलं सुकटीचं कालवण मांडीला मांडी लावून चाटूनपुसून जेवले.

रखमीच्या घशाखाली मात्र घास उतरेना. मास्तर शहाणे होते, पण उपदेशक खरे निघाले तर? दोघींतली कोण जाईल याविषयी तिला शंकाच नव्हती. बाईजा प्रार्थनेत घोरायची, मिश्री लावायची, पाळकसाहेबांच्या चालण्याची नक्कल करायची. न्यायला येणारा हिला कशाला हात लावील? आणि ही मागे राहिली तर हिला कोण बघेल? या विचारानं रखमी अर्धी झाली. मग तिला युक्ती सुचली. दोघी जात्यावर असतील तेव्हाच ना? मग दोघींनी जात्यावर बसायचंच नाही. एवढी साधी गोष्ट त्या दोन शिकलेल्या माणसांच्या डोक्यात कशी आली नाही, याचंच तिला नवल वाटलं.

पण युक्तीनं पीठ पडत नाही. बाईजाच्या लेकीचं, हिरीचं लग्न तोंडावर आलेलं आणि दळण तसंच पडलेलं. नवरीनं आपल्या लग्नाचं दळायचं नाही, ही घरची रीत. बाईजा दुपारी लाकडांना रानात गेली की रखमी एकटीच जातं ओढी. तळहाताला फोड आले, दम लागू लागला, आणि एवढं करून पीठ निघालं ते भरड. असल्या पिठाची भाकरी थापताना चिरते. शेवटी शेजारच्या सकुबाईनं, जावांच्या वाटण्या झाल्या का, असं बाईजालाच विचारलं.

त्या दुपारी बाईजा अर्ध्या वाटेतून परतली. रखमी जात्यावर होती. बाईजा समोर येऊन उभी राहिली.

"माझ्या हातानं पीठ बाटतं का गो, बाय?"

नवऱ्याला मूठमाती देतानाही बाईजाचा आवाज असा झाला नव्हता. रखमीला रडू कोसळलं. हुंदके देत तिनं सगळं सांगून टाकलं, पट, मुकादम, आपली युक्ती, सगळं. बाईजानं ते ऐकून घेतलं. मग तिच्या ओठांची कड हलली आणि ती मटकन खाली बसून पोट धरून हसू लागली.

"म्हंजे मी नाय जायाची, हे तू ठरवून मोकली झालीस?"

रखमीनं ठरवलं तर होतंच. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईजानं हसून हसून डोळ्यांत आलेलं पाणी पुसलं आणि ती जात्याला टेकली.

"तू जा, बाय. मागं वलून बघू नको. हिरीचं दलण मी पुरं करन."

बाजाराला निघालेल्या माणसाला सांगावं तितक्या सहज ती हे म्हणाली. पण बोलताना तिचा हात आपोआप अधू खांद्यावर गेला होता. रखमीनं ते पाहिलं. सगळा जन्म तिनं जायची तयारी केली होती, आणि आज तिला जावंसं वाटेना. हे पाप असेल तर असो, असंही तिच्या मनात येऊन गेलं. तिनं सरकून जागा केली.

"न्यायला आला तर मी सांगन त्याला," ती म्हणाली. "हिचा खांदा दुखतो, दलण होऊ दे, मंग दोघी येतो."

"नि नाय थांबला तर?"

रखमीनं मूठभर तांदूळ जात्याच्या तोंडात घातले.

"थांबल. इतकी वर्सं थांबलाच हाय ना."

बाईजानं डावा हात खुंट्याला घातला.