साडेतीन गावांची आत्या

"मूठ घट्ट मिटा. लांब श्वास घ्या. झालं."

*

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. ती पाळण्यावर वाकून कुर्र करते आणि तेवढ्यात मागच्या बायका तिच्या पाठीत धपाधप बुक्के घालतात. का घालतात ते कुणालाच धड सांगता येत नाही. पण बुक्के न खाता सरळ उभी राहिलेली आत्या कुणी पाहिलेली नाही.

*

आपटा स्टेशनच्या पुढे, पाताळगंगेच्या काठी तळवट नावाचं गाव आहे. गावाच्या शिवेवर गुडघाभर उंचीचा एक धोंडा आहे. एरवी त्याला म्हशी अंग घासतात.

*

कळंबोलीच्या लोखंड बाजारात एक पांढरी गाडी. मागच्या काचेवर मुकुट, मुकुटाच्या दोन बाजूंना दोन वाघ, खाली 'श्रीमंत राजे'. डावीकडच्या वाघाचं तोंड मांजरासारखं उमटलंय.

*

"मॅडम, तुमच्या पणजोबांना धाकटा भाऊ होता का?"

*

विनिता घाटराव रोज उजाडायच्या आत सुकापूरहून स्कूटी काढते. पाठीवर सॅक, सॅकमध्ये बर्फाच्या पिशव्या घातलेली पेटी. नवीन पनवेलात घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे आणि लॅबमध्ये नेऊन द्यायचे, हे तिचं काम. पन्नाशी उलटली तरी हात अजून हलका होता. लोक तिलाच पाठवा म्हणायचे.

त्या वेळी घरं उघडीवाघडी असतात. कुणी गाऊनवर ओढणी टाकून दार उघडतं, कुणाच्या गालावर उशीची घडी. उपाशीपोटी बसलेल्या म्हाताऱ्याचा दुसरा हात सून धरून असते, नात पलीकडून "आजोबा, बघू नका ना तिकडे" म्हणत असते. आणि काही घरांत हात धरायला कुणीच नसतं. तिथे सुई काढून झाल्यावरही विनिता कापसाचा बोळा जरा जास्त वेळ दाबून धरायची.

"घाटराव?" एकदा एका रिटायर्ड साहेबांनी तिच्या गळ्यातलं ओळखपत्र वाचून विचारलं होतं. "म्हणजे संस्थानिक की काय तुम्ही?"

"हो. साडेतीन गावांचे."

"मग राजे लोकांनी गरिबाचं रक्त पिणं काही सोडलं नाही म्हणायचं!"

विनिता हसली होती. साडेतीन गावं मात्र खरी होती. घाटाखालची चार गावं तिच्या पूर्वजांकडे होती, त्यातलं अर्धं गाव नदीनं नेलं. मग राज्य गेलं, जमिनी कुळांकडे गेल्या, तळवटच्या घराच्या जागी मोबाइलचा टॉवर उभा राहिला. राहिला तो दसऱ्याचा मान.

दसऱ्याच्या दिवशी तळवटचं सगळं गाव शिवेवर जमतं. आपट्याची फांदी रोवलेली असते, पण तिला कुणी हात लावत नाही. घाटरावांच्या घरातलं माणूस अनवाणी येतं, धोंडा ओलांडतं आणि म्हणतं, "सोनं लुटा." मग झुंबड उडते. विनिताचे वडील होते तोवर त्यांनी हे केलं. ते गेल्यावर गावकीत खल झाला, की मागे पोरगी एकटीच, आता कसं करायचं. तेव्हा गावकीचा म्होरक्या काळूराम म्हणाला होता, "धोंड्याला काय कळतंय, बाई हाय का बाप्या? घरचं पाऊल पायजे, बास."

तेव्हापासून विनिता जात होती. वडिलांच्या डायलिसिसपायी लग्न राहिलं, मग आईच्या आजारपणापायी उरलंसुरलं राहिलं, मग आईही गेली. वर्षाचे बाकीचे दिवस ती मॅडम, ताई, सिस्टर, "ओ सुईवाल्या बाई". दसऱ्याला बाईसाब. एकच दिवस आणि दोनच शब्द. पण त्या दिवशी तिच्यावाचून अख्खं गाव खोळंबायचं. सोनं लुटून झालं की गावातली गोदूबाई तिला घोंगडीवर बसवायची, तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं पुढ्यात ठेवायची, नि निघताना स्कूटीला एक भोपळा बांधून द्यायची. घरी आल्यावर विनिता आपट्याची पानं परातीत ओतून ठेवायची. वाटायला शेजारी एकच दार होतं, आणि त्या दारातला तौसीफ बायकोमुलांना घेऊन दोह्याला गेला त्याला बराच काळ लोटला होता. पानं परातीत वाळायची.

*

तो फोन आला तेव्हा श्रावण होता. विनिता एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये होती.

"मॅडम, मी कुंदन. आम्ही घराण्यांच्या वंशावळी शोधून देतो. कळंबोलीचे प्रणित घाटराव आमचे क्लायंट आहेत. पत्र्याचे मोठे व्यापारी. त्यांचं झाड आम्ही खालून वर नेत आणलंय, तुमचं वरून खाली आलंय. मध्ये एक फांदी मिळत नाही."

"मग मी काय करू?"

"घरात कधी ऐकलं असेल तर सांगा. तुमच्या पणजोबांना धाकटा भाऊ होता का? असेल तर सगळं जुळतं. आणि जुळलं तर तुम्ही प्रणितसाहेबांच्या आत्या लागता. ते परवाच म्हणत होते, आपल्याला कुणी आत्या असेल असं वाटलंच नव्हतं."

विनितानं स्कूटी स्टँडवर लावली. हेल्मेट काढलं.

"होता," ती म्हणाली.

"नाव आठवतंय?"

समोरच्या भिंतीवर कुणीतरी ओला टॉवेल वाळत घातला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"रायभान."

"वा!" कुंदन म्हणाला. "नावातच घराणं दिसतं, मॅडम."

*

गणपती झाल्यावर प्रणित आला. बरोबर त्याची बायको कोमल, सहावा महिना लागलेली. विनितानं सकाळीच दोन नव्या उशा आणून ठेवल्या होत्या.

"आत्या, नमस्कार करतो." प्रणित खरोखर वाकला. विनिताचे हात हवेतच राहिले. पायाशी कुणी वाकलं की पाठीवर हात ठेवायचा असतो, हे तिला उशिरा आठवलं.

त्यानं काचेत मढवलेली वंशावळ सोफ्यावर टेकवून ठेवली. सोनेरी झाड होतं. एका फांदीवर रायभानराव, तिथून खाली खाली येत प्रणितराव. दुसऱ्या फांदीच्या टोकाला विनिता. तिच्या खाली कोरा कागद होता.

"बघा, तुम्ही इथे, मी इथे," प्रणित म्हणाला. "एवढे दिवस एकाच पनवेलात होतो आपण आत्या, नि काँटॅक्ट नाही!"

"मग आता नावापुढे राजे लावणार का?"

"लावलंच! गाडीवर लावलं, कार्डवर लावलं. खरं सांगू का? पत्र्याचा व्यापारी म्हटलं की लोक उभ्याउभ्या बोलतात. श्रीमंत राजे म्हटलं की खुर्ची पुढे येते. माणूस तोच, पण खुर्ची येते. हसू नका ना."

"नाही हसत रे," विनिता म्हणाली, आणि 'रे' म्हणाल्याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

कोमल खोलीभर बघत होती. "आत्या, तुम्ही इथे एकट्याच असता? भीती नाही वाटत?"

"सवय होते."

"आता नाही हं राहायचं एकटं. यांना सख्खी बहीण नाही. बारशाला बाळाचं नाव तुम्हीच सांगायचं कानात. ठरलं. आमच्या बायका फार जोरात बुक्के मारतात, आधीच सांगते."

तिघंही हसले. चहा झाला, पुन्हा चहा झाला. निघताना दारात प्रणित सहज बोलावं तसं म्हणाला, "आणि आत्या, दसऱ्याचं. तुम्ही एवढी वर्षं एकटीनं ओढलंत. आता मी आहे. या वर्षी मी ओलांडतो धोंडा. तुम्ही फक्त गाववाल्यांना सांगा, घरचाच आहे म्हणून. तो काळूराम म्हणे कागद मानत नाही."

विनितानं दाराची कडी धरली होती.

"सांगेन," ती म्हणाली.

ते गेल्यावर तिनं कपाट उघडून आईचं मऊ पडलेलं लुगडं काढलं, आणि बाळासाठी दुपटं शिवायला घेतलं.

*

दसऱ्याला शिवेवर मंडप पडला. ढोलताशे आले, माइक आला, मांजरतोंड्या वाघाची गाडी धोंड्यापासून हाताच्या अंतरावर उभी राहिली. प्रणितनं भरजरी फेटा बांधला होता. काळूराम मळका टॉवेल खांद्यावर टाकून मध्ये उभा राहिला. ढोल थांबले.

"बाईसाब," तो म्हणाला, "ह्यो साहेब बोलतंय, घरचा हाय. फोटो दावला झाडाचा. आमाला झाडाचं कळत नाय. तुमी सांगा. ह्यो घरचा हाय का?"

सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. प्रणितही बघत होता, आणि त्याच्या ओठांवर, आवाज न काढता, तो शब्द होता. आत्या.

"घरचा आहे," विनिता म्हणाली. "माझा भाचा."

"तुमी बोललाव, झाला." काळूराम बाजूला झाला.

प्रणितनं बूट काढले, मोजे काढायचे विसरला. तसाच धोंडा ओलांडला आणि माइकमध्ये ओरडला, "सोनं लुटा!" माइक किंचाळला. पोरं कान धरून हसत फांदीवर तुटून पडली. मग फोटो सुरू झाले. बाया, बाप्ये, म्हातारे, सगळे पानं घेऊन प्रणितकडे गेले. मान तिकडेच असतो, म्हणून ते तिकडे गेले. त्यात कुणाचंच काही चुकलं नव्हतं.

विनिता धोंड्याच्या अलीकडेच राहिली होती. चपला हातात.

गोदूबाई तिच्याजवळ आली. "बाईसाब, तुमी मागं कशाला?"

"भाचा आला ना आता."

"आला तं येऊ दे. भाचा आल्यावर आत्यानं उन्हात उभा ऱ्हावाचा का?" मग डोळे बारीक करून ती म्हणाली, "तुमच्या पणज्याला भाव व्हता व्हय? माजी सासू शंभरी गाठून मेली. तिच्या तोंडून आमी कंदी आयकला नाय."

"होता," विनिता म्हणाली.

गोदूबाईनं तिच्याकडे पाहिलं, आणि आपट्याचं एक पान तिच्या हातात ठेवलं. जेवण मंडपात होतं, केटररचं. घोंगडी त्या वर्षी कुणी अंथरली नाही. दोन बकऱ्या धोंडा ओलांडून गेल्या, त्यांच्यामागून विनिता गेली.

*

दिवाळीला प्रणितचा मेसेज आला. मुकुट, वाघ, 'राजपरिवारातर्फे शुभेच्छा'. असा सगळ्यांनाच गेला असणार. विनितानं उत्तर लिहिलं, "कोमलची तब्येत कशी आहे?" खाली दोन निळ्या खुणा उमटल्या. तिनं फोन केला, तो उचलला गेला नाही. पुन्हा केला. मग एका मुलीनं उचलला. "सर मीटिंगमध्ये आहेत. आपण कोण?"

"आत्या."

"कोणाच्या आत्या, मॅडम?"

विनिता म्हणाली, "नंतर करते."

दुपटं शिवून झालं होतं. काठाला तिनं निळा धागा घातला होता. मुलगा असो, मुलगी असो, निळा कुणालाही चालतो.

*

सुकापूरहून नवीन पनवेलात शिरताना सिग्नल लागतो. दुभाजकाच्या कठड्याला नेहमी फ्लेक्स बांधलेले असतात. वाढदिवस, नियुक्त्या, भावपूर्ण श्रद्धांजली. थंडी पडली होती. पहाट होती, रस्ता रिकामा होता, तरी विनिता लाल दिव्याला थांबली. तिला घाई नसायची.

शेजारचा फ्लेक्स कठड्याला खाली, तिच्या खांद्याच्या उंचीवर बांधला होता. वर मुकुट आणि वाघ. 'श्रीमंत राजकुमार रायभानराजे प्रणितराव घाटराव यांचा नामकरण सोहळा थाटात संपन्न'. कोपऱ्यात एक छोटा फोटो होता. फुलांचा पाळणा, नऊवारी नेसलेली कोणी तरुण बाई वाकलेली, तिच्या मागे बायका हसत मुठी उगारून उभ्या. आणि फ्लेक्सच्या मधोमध बाळाचा चेहरा, सुपाएवढा मोठा. डोळे मिटलेले. कान पूर्ण दिसत होता.

तिनं नाव वाचलं. हेल्मेटची काच वर केली आणि पुन्हा वाचलं.

सिग्नल अजून लाल होता. विनितानं मागे पाहिलं. कुणी नव्हतं. ती कठड्याकडे झुकली, कागदी कानाशी तोंड नेलं.

"कुर्र," ती म्हणाली. "रायभान."

दिवा हिरवा झाला. पहिला नमुना सेक्टरमधल्या एका म्हातारीचा होता, ती एकटीच राहते. विनितानं स्कूटी सोडली. पुढचा रस्ता सगळा खणलेला होता. खड्ड्याखड्ड्याला सॅकमधली पेटी तिच्या पाठीवर धपाधप आपटत राहिली, आणि तिनं वेग काही कमी केला नाही.

*

विनिताचे पणजोबा एकुलते एक होते.