शंभूला कोण सांभाळणार?

वाघोलीतल्या बांधकाम मजुरांच्या मुलांना फुटबॉल शिकवायचं आमच्या कंपनीने ठरवलं, तेव्हा मी लगेच नाव दिलं. मुलांचं आयुष्य सुधारावं ही इच्छा होतीच; शनिवारची मीटिंग चुकावी, ही जरा जास्त होती. फुटबॉल मी कधी खेळलो नव्हतो. पण ऑफिसातही मी न येणाऱ्या गोष्टी लोकांना आत्मविश्वासाने शिकवतो.

"अवधूत, जिना चढताना तुला धाप लागते," आई म्हणाली. "मुलांना निदान पाणी तरी वेळेवर पाज."

शिट्टी, गुडघ्यापर्यंतचे मोजे आणि 'खेळातून नेतृत्व' या विषयावरचं भाषण घेऊन मी मैदानावर पोचलो. भाषण रंगात आलं आणि मुलं चेंडू घेऊन पळाली.

त्यांत द्वारका होती. आईवडील वाशिमकडून आलेले, इमारतीवर विटा वाहणारे. धाकटा शंभू सदा तिच्या कडेवर. त्याला घेऊनच ती चेंडूला अशी लाथ घालायची, की मोठी मुलंही बाजूला व्हायची.

जवळच्या शाळेशी सामना ठरला, तेव्हा मी तिच्या आईला भेटलो. आत्मविश्वास, भविष्य, बरंच काही बोललो.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. "पोरगी खेळाले गेली, त याले कोन सांभायते?"

याचं उत्तर माझ्या भाषणात नव्हतं. "मी," असं तोंडून निघून गेलं.

"तुमाले जमते?"

"हो." फुटबॉलच्या वेळीही मी असाच हो म्हणालो होतो.

सामन्याच्या दिवशी प्रशिक्षक म्हणून मी एकही सूचना देऊ शकलो नाही. शिट्टी शंभूच्या तोंडात होती. त्याने ती मधेच वाजवली, खेळ थांबला, आणि पंचांनी मला बाहेर काढलं. द्वारका आधी एक हात कमरेशी धरूनच धावत होती, जणू भाऊ अजून तिथेच आहे. मग तो हात सुटला. आम्ही हरलो, पण आमचे सगळे गोल तिचे होते. त्यातला एक मी पाहिला. बाकीच्या वेळी शंभूची चड्डी बदलत होतो.

पुढच्या शनिवारी कधी न आलेल्या मुली भावंडांना घेऊन हजर झाल्या आणि सरळ माझ्यासमोर रांगेत उभ्या राहिल्या. शिकवायचं काम ऑफिसातल्या प्रियदर्शनीने घेतलं. ती कॉलेजच्या संघातून खेळलेली. मी सतरंजीवर बाळं सांभाळू लागलो. तिथे मात्र माझ्याबद्दल तक्रार नव्हती.

मग आम्ही बिल्डरच्या मागे लागून साइटवर पाळणाघर सुरू करवलं. मुली शाळेच्या वेळीही मोकळ्या झाल्या. जिच्याशी सामना हरलो होतो, त्याच शाळेने द्वारकेला सहावीत घेतलं.

माझ्याकडे मात्र काहीच काम उरलं नाही. "आता मी काय करू?" मी तिलाच विचारलं.

तिने जरा विचार केला. "सर, तुमी गोलामागं उभे राहा. बॉल रस्त्यावर गेला, की आनत जा."

हल्ली माझे शनिवार फार धावपळीत जातात.