अण्णांनी पत्रिका पाहिली

“अण्णा, खरं सांगा, तुमच्या त्या दवाखान्यात आपल्या वळखीचं कोण कोण ॲडमिट होऊन गेलं?”

रविवार होता. अण्णा वरणात भाकरी कुस्करत होते आणि मी हा प्रश्न एका दमात विचारून टाकला. त्यात माझं डोकं कमी आणि मदिनाचं जास्त होतं. शाळेत मधल्या सुट्टीत ती मला म्हणाली, भाषणात तालुक्यात पहिली आली म्हणून लई उडून राह्यली ना, मंग बापाला एवढं विचारून दाखव, तब मानेंगे. पुष्पीनं लगेच तिची री ओढली. आणि मी अशी आहे की कुणी ‘दाखव’ म्हटलं की दाखवतेच. दहावीचं वर्ष, वक्तृत्वाचा कप टीव्हीवर ठेवलेला, गणितात जन्मात पहिल्यांदा चांगले मार्क. मला सध्या कुणाचंच भ्या वाटत नाही.

आई वाढता वाढता थांबली आणि पोरीनं बापाला काय विचारावं याला काही ताळतंत्र, असं म्हणाली. अण्णा मात्र चिडले नाहीत. त्यांनी घास गिळला, पाणी प्यायले आणि कोर्टात उभे राहावेत तसे सरळ बसले.

“समज, तू एक नाव घेतलं आणि मी ‘न्हाई’ म्हणालो. मंग तू दुसरं घेशील. त्याला बी ‘न्हाई’ म्हणालो. तिसऱ्या नावाला मी नुसता गप बसलो, तर तुला कळलंच का न्हाई? म्हणून ‘न्हाई’ बी म्हणायचं नसतं. दैवशाला, तू कुणाचं बी नाव घे, माझं उत्तर एकच. मला माहीत न्हाई.”

दुसऱ्या दिवशी मी हा अख्खा जबाब हातवाऱ्यांसकट मदिनाला ऐकवला. पैज ती हरली का मी, यावर भांडण झालं, पण शेवटी भजी तिनंच खाऊ घातली. वर म्हणाली, तेरे अब्बा पक्के हैं. माझी छाती एवढी फुगली की शर्टाची गुंडी तुटायची बाकी होती.

अण्णा म्हणजे ॲडव्होकेट रामकिसन उढाण. जालन्याच्या कोर्टात बहुतेक वकील बांधाची नाहीतर वाटणीची भांडणं लढतात. अण्णाही तेच करत होते. मग मनोरुग्णांच्या दवाखान्यांसाठी सरकारनं नवा कायदा लागू केला आणि आमच्या शहरातले मानसोपचाराचे डॉक्टर गयासोद्दीन तो कायदा बगलेत घालून वकील हुडकत फिरू लागले. कुणाला वाचायची इच्छा नव्हती. अण्णांनी वाचला. तेव्हापासून तो दवाखाना त्यांच्याकडे आला, आणि मागून दोन व्यसनमुक्ती केंद्रं आली. लायसन्स कसं काढायचं, तपासणीला साहेब आले तर काय दाखवायचं, पेशंटला जबरदस्तीनं कोण आणू शकतं आणि तो ‘मला जायचंय’ म्हणाला तर काय करायचं, हे सगळं डॉक्टर अण्णांना विचारतात.

पण अण्णांचा खरा जीव एकाच गोष्टीत होता. पेशंटचं नाव बाहेर जाता कामा नये. दवाखान्यातल्या ताहेरा सिस्टर पूर्वी दारात येऊन अख्खं नाव पुकारायच्या, गावासकट. अण्णांनी त्यांना नंबर पुकारायला लावलं. लोक बाहेर उभ्या केलेल्या मोटरसायकली ओळखतात, म्हणून डॉक्टरांच्या मागे लागून मागच्या गल्लीत दुसरं गेट करवून घेतलं. कोर्टाच्या बार रूममध्ये बाकीचे वकील त्यांना ‘येड्यांचा वकील’ म्हणायचे. अण्णा हसून चहा प्यायचे.

एकदा एका कारखान्याचे मॅनेजर, तातेराव म्हणून, घरी आले. आमचा एक ड्रायव्हर तिकडं असतो म्हणतात, खरं का, एवढंच हवं होतं त्यांना. अण्णांनी त्यांना चहा पाजला, पिकापाण्याचं विचारलं, आणि नावाबद्दल ‘मला माहीत न्हाई’ म्हणाले. तातेरावांनी विनवून पाहिलं, मग आवाज चढवून पाहिला. अण्णांनी आणखी अर्धा कप ओतला. मी पडद्याआडून बघत होते. आपला बाप असाच असतो, सगळ्यांचे थोडेच असतात, असं वाटून मला आत जाऊन उड्या माराव्याशा वाटल्या.

दिवाळीच्या आधी तीर्थपुरीहून काकासाहेब मामा आला. माझ्या थोरल्या बहिणीसाठी, गोकर्णाताईसाठी, स्थळ घेऊन आला होता, आणि स्थळ कुणाचं, तर माझ्या सरांचं.

सर्जेराव सर घनसावंगीकडचे. इथल्या एका हायस्कुलात गणित शिकवतात आणि संध्याकाळी घरी क्लास घेतात. म्हातारी आई, साळूबाई, दाराशी बसून शेंगा निवडत असते आणि पोरांच्या चपला सरळ लावते. मला बोलायला शिकवलं ते सरांनी. मी आधी तोंडातल्या तोंडात उत्तर द्यायचे. ते म्हणाले, चुकायचं तर मोठ्यानं चूक, हळू चुकलं तर दुरुस्त कसं करायचं? मी मोठ्यानं चुकत गेले आणि एक दिवस मोठ्यानं बरोबर आले. वक्तृत्वाचा कप खरं तर सरांच्या क्लासातल्या सतरंजीवर मिळालाय.

ताईनं मला गच्चीवर नेऊन हळूच विचारलं, कसे आहेत गं. मग मी सुरूच झाले. फळ्यावर वर्तुळ हातानं काढतात तरी गोल येतं, कुणाला मारत नाहीत, हसले की डोळे मिटतात. ताई ओढणी तोंडाला लावून ऐकत राहिली. लग्नाच्या गोष्टीला ती इतकी वेळ बसून ऐकतेय, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

आम्ही खाली आलो, तेव्हा अण्णांनी मामाच्या तोंडून सरांचं नाव ऐकलं आणि जेवण अर्धं टाकून हात धुवायला उठले. मला वाटलं, पोट बिघडलं असेल.

दोन दिवसांनी त्यांनी मामाला फोन केला. मी तिथंच होते. म्हणाले, “पत्रिका जुळत न्हाई म्हणून कळवून टाका.”

आमच्या घरात पत्रिका! अण्णांनी स्वतःच्या लग्नात पत्रिका काढू दिली नव्हती. चुलत भावाच्या लग्नात ते गुरुजींशी असे भांडले होते, की अजून आमच्या पाव्हण्यारावळ्यांत दर लग्नाला तो किस्सा निघतो. मामा आधी फोनवरच हसला. मग हसायचा थांबला. मामा वाईट नाही. त्यानं फक्त मामीला सांगितलं, आणि मामीनं वाटूरच्या बहिणीला. लोकांनी ताडलं, रामकिसनराव पत्रिका बघायला लागले म्हणजे त्यांनी दुसरंच काहीतरी बघितलं असणार. आणि दुसरं काही त्यांना बघायला मिळतं ते कुठं? यापुढं कुणाला काही सांगायची गरजच पडली नाही.

हे मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. अण्णा म्हणाले, परीक्षा जवळ आली, आता घरीच अभ्यास कर, क्लास बंद. मला वाटलं, स्थळ मोडलं म्हणून त्यांना अवघड वाटत असेल. मी ऐकलं.

पुढच्याच आठवड्यात शाळेत मदिना म्हणाली, तिच्या अब्बांनी, लालमियाँ चाचांनी, तिचाही क्लास बंद केला. पुष्पीचाही बंद. मी विचारलं, का? ती माझ्याकडं अशी बघायला लागली, जशी काही मीच वेडी.

“तुझ्या बापानंच तुला काढलं, मंग माझे अब्बा कसे पाठवतील? सर त्या दवाखान्यात होते ना. सब को मालूम है.”

“कुणी सांगितलं?”

“किसी ने नहीं. तुला बंद केलं, बस. वकिलाला बराबर माहीत असतं.”

त्या संध्याकाळी सर आमच्या घरी आले. पक्षकार गेले होते, अण्णा बैठकीत एकटेच होते. मी पाणी नेलं. सरांनी मला विचारलं, त्रिकोणमिती कुठपर्यंत आली? मी म्हणाले, उंची आणि अंतर. चांगलंय म्हणाले. मी पडद्यामागं आले, तर ताई आधीच तिथं उभी होती.

“वकीलसाहेब,” सर म्हणाले, “दोन वर्षांखाली वडील गेले, मंग मला झोपच येईना. वर्गात उभं राहावलं न्हाई. डॉक्टरांच्या खोलीत तवा तुम्ही बी बसला होता. मी म्हणालो, नोकरी हाय, म्हातारी माय हाय, कुणाला कळलं तर? तुम्ही म्हणाले, इथून तुमचं नाव बाहेर जाणार न्हाई, ही माझी जबाबदारी.”

अण्णा म्हणाले, “मी कुणाला एक शब्द बोललो न्हाई, सर.”

“न्हाईच बोलले. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. नकाराला काय, कारणं ढीगभर असतात. पोरगा काळा हाय म्हणायचं. जमीन कोरडवाहू हाय म्हणायचं. तुमच्या घरी पत्रिका कोण बघतं?”

अण्णा टेबलावरच्या कायद्याच्या पुस्तकावर हात ठेवून बसले. मग म्हणाले, “मी बाप हाय, सर. पोरीचा विचार करावा लागतो.”

“मंग बाप म्हणून मला बोलवायचं. म्हणायचं, सर्जेराव, तुम्हीच सांगा. मी सांगणारच होतो. बघायच्या दिवशी, मुलीला, तोंडानं. ती न्हाई म्हणाली असती तरी चाललं असतं. सांगायचं माझं होतं, साहेब. ते तुम्ही काढून घेतलं.”

आवाज कुठंही चढला नाही. शाळेनं दहावीचा वर्ग काढून घेऊन त्यांना ऑफिसात बसवलंय, घरी आता एकही पोरगं येत नाही, हे त्यांनी हवापाण्याचं सांगावं तसं सांगितलं. पाणी संपवलं, पेला हळू ठेवला आणि गेले.

ताई तिथंच भिंतीला टेकून म्हणाली, “मला एकदा बी कुणी विचारलं न्हाई.” आणि आत गेली.

मी बाहेर आले. माझ्या अंगात त्या वेळी भाषणाचं वारं बिलकुल नव्हतं. मी अण्णांना एवढंच विचारलं, हे बरोबर झालं का. आई मध्ये पडली. बापानं काय करावं मग, आजारी माणसाच्या गळ्यात पोरगी बांधावी? मी म्हणाले, सर आता आजारी कुठं आहेत, बरे होऊनच मला शिकवत होते ना. अण्णा चष्मा पुसत म्हणाले,

“कायद्यानं माझं कुठं बी चुकलं न्हाई.”

त्यांनी ‘चुकलं’ म्हटलं असतं तर मी तिथंच त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले असते. पण ते मला, स्वतःच्या पोरीला, उलटतपासणीतल्या साक्षीदारासारखं उत्तर देत होते. मागच्या गल्लीतलं गेट ह्यांनीच करवून घेतलं. सिस्टरला नंबर पुकारायला ह्यांनीच शिकवलं. आणि सरांची अब्रू वेशीवर टांगायला त्यांनी तोंड उघडलं नाही, नुसतं मला घरी बसवलं. माझ्या घरी बसण्याचाच पुरावा झाला. मला न विचारता त्यांनी मला साक्षीला उभं केलं होतं, तेही सरांच्या विरोधात.

दुसरा दिवस अख्खा मी गप्प होते. मी गप्प म्हणजे घरात ताप आल्यासारखी शांतता. ताईशी मात्र गच्चीवर बोलले. संध्याकाळी अण्णा कोर्टातून आले, आई चहा टाकत होती. मी दप्तर खांद्याला अडकवून दोघांच्या समोर जाऊन उभी राहिले.

“अण्णा, आई, मी आजपासून परत सरांच्या क्लासला जाणार हाय. गल्लीतून न्हाई, मोंढ्यावरून जाणार, सगळ्यांच्या दुकानांसमोरून. एकटी असले तरी बसणार. कुणी विचारलं तर सांगणार, दहावीला गणित हाय आणि सर ते चांगलं शिकवतात. आणि ताई मला पोचवायला येणार हाय. मी तिला विचारलं, ती हो म्हणाली.”